क्लेम ट्रेवास्किस चालतात किंवा कसे

माणूस चालतो, ही गोष्ट व्यायामशास्त्राला मान्य आहे. कायद्याने ती अजून तपासून पाहिलेली नाही. या दोन भूमिकांमधली दरी बुजावी म्हणून आमच्या विद्यापीठाने क्रीडा-व्यायामशास्त्र आणि कायदा अशी साडेपाच वर्षांची जोडपदवी सुरू केली, आणि गेली एकोणीस वर्षं त्या दरीत विद्यार्थी पडत आहेत.

मी लिंडसे प्राउज, या जोडपदवीचा सहसमन्वयक. (समन्वयकाचं पद मंजूर आहे, भरलेलं नाही.) आमचा कॅम्पस व्हिक्टोरिया राज्यात कुराबिन गावाबाहेर आहे. इथला विद्यार्थी सकाळी शरीरातली दोनशे सहा हाडं शिकतो आणि दुपारी त्यांतलं कुठलं मोडलं तर कुणावर दावा लावायचा ते शिकतो. चौथ्या वर्षापर्यंत तो कुणाच्याही अंगाला हात लावायला धजत नाही. यालाच आम्ही व्यावसायिक परिपक्वता म्हणतो. आजवर चारशे बारा जणांनी प्रवेश घेतला, एकसष्ट जणांनी पदवी घेतली, बाकीचे तीनशे एक्कावन्न पळाले. (पळण्याचा वेग नोंदवलेला नाही.)

ही दोन शास्त्रं एकमेकांना किती पूरक आहेत याचं एकच उदाहरण देतो. कायद्याचा सगळा डोलारा 'रास्त माणूस' या कल्पनेवर उभा आहे. कुठल्याही प्रसंगी तो काय करील ते न्यायाधीशांना ठाऊक असतं. व्यायामशास्त्राची सगळी कोष्टकं सत्तर किलोच्या सरासरी माणसावर उभी आहेत. तेव्हा तिसऱ्या वर्षाला 'सत्तर किलोचा रास्त माणूस' असा संयुक्त विषय ठेवणं ओघानेच आलं. विद्यार्थ्यांनी गावातली दोनशे चौदा माणसं तपासली. एक जण अगदी जवळ आला होता, पण त्याने वजनकाट्यावर उभं राहायला साफ नकार दिला. तो रास्त असल्याचा तेवढाच पुरावा आमच्या हाती आहे.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एका जिवंत नागरिकाची सहा मिनिटांची चाल-चाचणी घ्यावी लागते. चाचणी सोपी आहे. तीस मीटरची सरळ मार्गिका घ्यायची, दोन्ही टोकांना शंकू ठेवायचे आणि माणसाला त्यांच्यामध्ये सहा मिनिटं ये-जा करायला लावायचं. किती मीटर झाले ते मोजलं की त्याचं हृदय कितपत साथ देतंय ते कळतं. मधे माणूस थांबला तरी घड्याळ थांबवायचं नाही. जगभर अशीच घेतात. आमच्याकडे अडचण एवढीच की तीस मीटरची एकमेव मार्गिका संयुक्त इमारतीत आहे, आणि तिच्यातले तेरा मीटर व्यायामशास्त्राच्या मालकीचे आहेत, सतरा मीटर कायद्याच्या. निळी फरशी संपते आणि तपकिरी गालिचा सुरू होतो, ती हद्द.

निळ्या भागात परीक्षकाने दर मिनिटाला ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं: "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत." गालिच्यावर हे वाक्य चालत नाही. कायदा विभागाचे प्राध्यापक फेनविक यांच्या मते 'छान' हे आश्वासन आहे. उद्या माणूस कोसळला तर ते 'छान' कुठे गेलं असं कुणीतरी विचारणारच. म्हणून गालिच्यावर म्हणायचं, "आपले चालणे चालू असल्याचे निदर्शनास येत आहे." शिवाय एका विभागाच्या जमिनीवर दिलेली संमती दुसऱ्याच्या जमिनीवर लागू होत नाही. म्हणून हद्द ओलांडताना प्रत्येक वेळी नवीन संमतिपत्र भरायचं. ते चारच पानांचं आहे. (पूर्वी नऊ पानांचं होतं, आम्हीही सुधारणावादी आहोत.)

यंदा जुलैत डेस्पिना कालूडिस या विद्यार्थिनीला क्लेम ट्रेवास्किस नावाचे नागरिक मिळाले. वय त्र्याहत्तर. जन्मभर लोकांच्या रानांना कुंपणं घातली, आणि गेले एकतीस हंगाम जिल्हा फुटबॉलमध्ये (इथला फुटबॉल हातानेही खेळतात, आणि गोल डझनाने होतात) गोल अंपायर. म्हणजे पांढरा कोट घालून खांबांपाशी उभं राहायचं आणि गोल झाला की दोन पांढरी निशाणं हलवायची. मे महिन्यात त्यांच्या हृदयाची झडप बदलली. लीगने कळवलं की सहा मिनिटांच्या चाचणीचा दाखला आणल्याशिवाय निशाणं मिळणार नाहीत. अंतिम सामना सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होता. डेस्पिनाचीही गरज तेवढीच होती. मिल्ड्युराच्या एका दवाखान्याने तिच्यासाठी पुढच्या फेब्रुवारीपासूनची नोकरीची जागा राखून ठेवली होती, आणि ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नव्हती.

पहिल्या दिवशी क्लेम निळ्या टोकापासून तेरा मीटर झपाझप चालले. हद्दीवर थांबून चार पानं वाचली, कारण त्यांना वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. (असा नागरिक आम्हाला प्रथमच भेटला.) मग सतरा मीटर गालिचा, वळसा, परत सतरा मीटर, पुन्हा हद्द, पुन्हा चार पानं. तिसऱ्या पानावर असताना सहा मिनिटं संपली. एकूण अंतर सत्तेचाळीस मीटर. आमच्या कोष्टकानुसार दीडशेच्या खाली म्हणजे 'अतिगंभीर अशक्तपणा'. आणि इतक्या अशक्त माणसाला चाचणीसाठी चालायला लावणं नियमात बसत नाही.

"म्हणजे मी चालू शकत नाही, म्हणून मी चालून दाखवायचं नाही?" क्लेमनी विचारलं.

"तसं नाही," मी म्हणालो. "तुम्ही चालू शकता असा दाखला आणा, मग तुम्ही चालू शकता की नाही ते आम्ही तपासू."

"लिंडसे, तू शुद्धीवर आहेस ना रे?"

डेस्पिना म्हणाली, "क्लेम, तुम्ही आज घरून कसे आलात?"

"कसा येणार? चालत. झडप बसवल्यापासून डॉक्टर गाडीला हात लावू देत नाहीत."

त्यांचं घर साडेतीन किलोमीटरवर आहे. डेस्पिनाने लगेच अर्ज केला की हेच चालणं ग्राह्य धरावं. दोन्ही विभागांच्या संयुक्त समितीने तो सहानुभूतीपूर्वक फेटाळला. सदर चालणे देखरेखीविना झाले असून त्याची माहिती केवळ चालणाऱ्याकडून मिळते. चालणारा हा स्वतःच्या पायांचा मालक असल्याने हितसंबंधी ठरतो. एवढं स्वच्छ निकालपत्र मी माझ्या सेवाकाळात दुसरं वाचलेलं नाही.

त्यानंतर क्लेम दहा वेळा आले. कधी डॉक्टरांच्या पत्रावर तारीख उजवीकडे होती. कधी शंकू व्यायामशास्त्राचे होते आणि गालिच्यावर ठेवायला कायदा विभागाची परवानगी नव्हती. एकदा सगळं जमलं होतं, पण पेनातली शाई संपली आणि दुसरं पेन दुसऱ्या विभागाचं निघालं. अकरा खेपांचे, जाऊन-येऊन, सत्त्याहत्तर किलोमीटर झाले. झडप बदललेल्या माणसासाठी यापेक्षा चांगला व्यायाम नाही असं टिंक मॅडमही म्हणाल्या. (त्या व्यायामशास्त्राच्या प्रमुख आहेत. लेखी द्यायला मात्र त्यांनी नकार दिला.)

अकराव्या खेपेला क्लेम माझ्या टेबलासमोर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बायको गेली, कुत्रा गेला. आता निशाणंही काढून घ्या. मग शनिवारी दुपारी मी करायचं काय, लिंडसे? भिंतीकडे बघत बसू?"

मी त्यांना अभिप्राय-पुस्तिका दिली. तीत यासाठी रकाना आहे.

डेस्पिना मात्र त्यांच्या मागोमाग बाहेर गेली. मार्गिकेतून तिचा आवाज ऐकू आला, "रडू नका हो. मी बघते काय करायचं ते." हे वाक्य तिने गालिच्यावर उभं राहून उच्चारलं, आणि आश्वासन या सदरात ते सरळसरळ मोडतं. साडेपाच वर्षं आम्ही शिकवलेलं तिने तिथेच वाऱ्यावर सोडलं.

अंतिम सामन्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ती नदीच्या पुलाशी उभी होती. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात मैदान आखताना वापरतात ते मोजणीचं चाक. क्लेम आले. दोघं जनावरांच्या बाजाराच्या दिशेने निघाले, ते पुढे आणि ती चाक फिरवत मागे. रस्ता नगरपालिकेचा असल्याने दोन्ही विभागांपैकी कुणाचंच तिथे काही चालत नव्हतं. सहा मिनिटांत चारशे अडुसष्ट मीटर झाले. तिने कागदावर लिहिलं: 'क्लेम ट्रेवास्किस सहा मिनिटांत चारशे अडुसष्ट मीटर चालले. मी मोजले. डेस्पिना कालूडिस.' दाखल्यात संमती नाही, इशारा नाही, मर्यादा नाही, व्याख्या नाहीत.

लीगच्या सेक्रेटरी मेरिल गटरिज यांनी तो क्लब-हाउसच्या स्वयंपाकघरात, खिमा भरलेल्या पेस्ट्रींचा ट्रे भट्टीत सरकवता सरकवता वाचला. "बस, एवढंच?" त्या म्हणाल्या. "अगं, मग हे लिहायला पाच वर्षं कशाला शिकत होतीस?" आणि ओल्या हातानेच त्यांनी निशाणं काढून दिली.

शनिवारी सामना झाला. कुराबिनने पंधरा गोल केले. प्रत्येक गोलला मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांनी भोंगे वाजवले, आणि क्लेम त्र्याहत्तर वर्षांचे नसल्यासारखे निशाणं हलवत राहिले. दुर्दैवाने त्यांना काहीच झालं नाही. काही झालं असतं तर प्रकरण सरळ होतं. नुकसान नाही म्हणजे दावा नाही, आणि दावा नाही म्हणजे प्राध्यापक फेनविक यांच्या लेखी काही घडलंच नाही. पण सोमवारी डेस्पिनाने तोच कागद आपली अंतिम चाचणी म्हणून सादर केला.

चौकशी तीन तास चालली. रस्ता ही मार्गिका आहे काय, पूल हा शंकू मानता येईल काय, यावर दोन्ही विभागांचं प्रथमच एकमत झालं. (नाही.) तरी समिती उदार होती. स्वतंत्र साक्षीदार असेल तर चाचणी ग्राह्य धरू, असं तिने सांगितलं. क्लेम हितसंबंधी होते. मेरिलनी फक्त कागद बघितला होता. डेस्पिना म्हणाली, "लिंडसेंना विचारा."

आता, त्या गुरुवारी सकाळी मी पुलासमोरच्या बेकरीच्या बाकावर बसलो होतो. तिथून बाजारापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. मी व्हॅनिला स्लाइस खात होतो आणि ती दोघं निघाल्यापासून थांबेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होतो. शेवटी तिने चाक उचलून वर धरलं, तेही मी पाहिलं, हे मी इथे मोकळेपणाने सांगतो.

समितीपुढे मी म्हणालो, "श्री. ट्रेवास्किस यांना मी वेळोवेळी कॅम्पसवर आलेले पाहिले आहे. चालताना पाहिले, असे म्हणता येणार नाही."

प्राध्यापक फेनविक यांनी हे वाक्य टिपून घेतलं. पुढच्या वर्षी ते शिकवणार आहेत. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत.

बाहेर डेस्पिनाने मला गाठलं.

"लिंडसे, तुम्ही मला हात केलात. बाकावरून."

"हात वर गेला, हे मान्य आहे," मी म्हणालो. "तो कुणाला केला, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे."

"खरंच की," ती म्हणाली. "मीही शिकलेय ते." ती एवढंच बोलली आणि जिन्याकडे वळली.

चाचणी रद्द झाली, वर्ष पुन्हा करावं लागणार आणि मिल्ड्युराची जागा जाणार. मात्र अपिलाची तरतूद आहे, आणि ती फार उदार आहे. वस्तुस्थिती कळलेली कोणतीही व्यक्ती, मग ती कुठेही राहात असो, निवेदन पाठवू शकते. 'लिंडसे प्राउज यांनी ते चालणे पाहिले होते, असे त्यांनी स्वतः आम्हास सांगितले,' एवढी एक ओळ जरी आली, तरी नियमानुसार मला पुन्हा बोलावून शपथेवर विचारावं लागेल. शपथेवर खोटं बोलण्याइतकी माझी छाती नाही. मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आहे.

ही हकिकत मी आजवर अडतीस जणांना सांगितली आहे. सगळे हळहळले. एक बाई तर रडल्या. कायद्याचं आणि विद्यापीठांचं काय होणार, यावर प्रत्येक जण माझ्याशी तावातावाने बोलला. ओळ कुणी पाठवली नाही. आता एकोणचाळिसावे तुम्ही. तुम्हीही कुठे काही लिहून कळवणाऱ्यांतले दिसत नाही, म्हणून तर इतकं मनमोकळं बोललो.