आब्लारची ट्रायल

मंगळवारी सकाळी आब्लार हे स्पॅनिश क्रियापद कपडे शिवून घ्यायला दगडूमास्तर हावळ्यांच्या दुकानात आलं. त्याचा अर्थ 'बोलणे'. अंगाने सडपातळ होतं आणि चप्पल पायरीशी काढून आत आलं, म्हणून मास्तरांना बरं वाटलं.

"वर्तमानकाळात हवेत," ते म्हणालं. "सहा नग. रविवारी दुपारी नेईन."

"भूतकाळाचं बारीक काम डोळ्यांना झेपत नाही आता," मास्तर सावकाश म्हणाले. "आणि भविष्यकाळाचं मी घेतच नाही. ब्याऐंशी झाली. वर्तमानातलं जमेल."

मास्तर चौथीत तीन वर्षं बसले होते. मराठी क्रियापदांनीसुद्धा त्यांना कधी ओळख दाखवली नव्हती. हे तर सातासमुद्रापलीकडचं. पण माप घेतल्यावर कळलं, काम सरळ आहे. शेवटचं 'आर' सगळीकडून सारखंच कापायचं आणि ज्याला त्याला नवं शेपूट जोडायचं. 'मी'ला नुसता ओ, 'तू'ला आस, 'तो'ला आ, 'आपण'ला आमोस, 'तुम्ही'ला आइस, 'ते'ला आन.

"'तुम्ही'वाला फक्त स्पेनमध्येच घालतात," क्रियापदाने सांगितलं. "आणि माझ्या सुरुवातीला एक ह आहे. लिहायचा, पण उच्चारायचा नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखाच," चहा ठेवत सरूबाई म्हणाल्या. "घरात असतो, पण आवाज नाही."

मास्तरांनी कपातला चहा बशीत ओतला.

त्यांची सहा वर्षांची पणती लूना स्पेनमध्ये वालेन्सियाला राहायची. तिला मराठी येत नव्हतं आणि मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं. दर रविवारी चार वाजता फोनवर तिचं तोंड दिसायचं. मास्तर हात हलवायचे, ती हात हलवायची, मग दोघंही सरूबाईंकडे बघायची. गेल्या रविवारी मात्र ती हात न हलवताच उठून गेली. मास्तर बराच वेळ एकटेच हात हलवत राहिले होते.

'आमोस' त्यांनी तीनदा उसवला. शनिवारी सहाही नग हँगरवर लागले. रविवारी दुपारी क्रियापद पिशवी घेऊन हजर झालं.

"ट्रायल झाल्याशिवाय माल देत नाही," मास्तर म्हणाले. "साठ वर्षांची रीत आहे."

क्रियापदाने थोडा विचार केला. "माझे मला घालता येत नाहीत. कुणालातरी बोलावं लागतं."

"मग चारपर्यंत बसा."

"काय लबाड माणूस!" सरूबाई म्हणाल्या. मास्तरांचे कान लाल झाले.

चार वाजता फोन लागला. लूना भलतीकडेच बघत होती. मास्तरांनी सगळ्यांत लांब नग उतरवला.

"आब्लामोस," ते म्हणाले. आपण बोलतो. आवाज तेल न घातलेल्या मशीनसारखा निघाला.

लूनाने मान वळवली. मग ती खूप बोलली. मास्तरांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. ती थांबली आणि वाट बघू लागली.

"आब्लामोस," मास्तरांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"आब्लामोस!" ती खिदळली आणि आपली बाहुली आणायला धावली. हे वीस मिनिटं चाललं.

फोन ठेवल्यावर क्रियापदाने पाच नग पिशवीत भरले. सहावा उलटसुलट करून पाहिला.

"दोघांच्या मानाने ढगळ झालाय, मास्तर."

"असू द्या," मास्तर म्हणाले. "वाढत्या अंगाचा शिवलाय."

क्रियापदाला ते पटलं. आमोस परत हँगरला लावून, पुढच्या रविवारी दुसऱ्या ट्रायलला यायचं ठरवून त्याने पायरीवरची चप्पल पायात घातली.