चुकलं तरी न रागावणारं पॅनेल

साळवे मास्तर आपला सिंथेसायझर लहान मुलाच्या दुपट्यात गुंडाळून एसटीनं आणायचे आणि त्याला उन्हाच्या बाजूला बसू द्यायचे नाहीत. बेलापूर ते श्रीरामपूर अंतर ते केवढं! पण तेवढ्यासाठीही माणसं उठवून जागा बदलून घ्यायचे. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, पेटीला काय ऊन लागतंय का?"

"पेटी न्हाई, सिंथेसायझर म्हना. आनि तापला की सूर चढतो त्याचा."

सूर वगैरे काही चढत नसे. ते इलेक्ट्रॉनिक वाद्य होतं, भट्टीत ठेवलं असतं तर वितळलं असतं, पण सूर सोडला नसता. मास्तरांना मात्र हे सांगायची सोय नव्हती. ते एवढंच म्हणायचे, "तुमी कम्प्युटरवाले. तुमाला जीव दिसत न्हाई."

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. साखर कारखान्यात वायरमन होते आणि लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, म्हणून मास्तर. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास श्रीरामपुरात एका शिंप्याच्या दुकानावर माझा कम्प्युटर क्लास होता. तिथं एका सकाळी ते दुपटं घेऊन जिना चढून आले आणि म्हणाले, "सर, टायपिंग-बियपिंग नको. मला पॅनेल करायला शिकवा."

त्यांचं म्हणणं असं होतं. सिंथेसायझरला काडेपेटीएवढी एक खिडकी. तिच्यात बारीक इंग्रजी अक्षरं. एक आवाज बदलायचा तर बटणं दाबत दाबत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून माळ्यावर, अशी वणवण. ते सगळं एकदम कम्प्युटरच्या पडद्यावर यायला हवं. पडद्यावरचं बटण दाबलं की वाद्यानं ऐकायला हवं. मिडी नावाची एक केबल कम्प्युटरपासून वाद्यापर्यंत टाकली की हे होऊ शकतं, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. मी नुसतं वाचलं होतं. म्हणजे आम्ही दोघे सारखेच तयार होतो.

मास्तरांच्या अटी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या. "बटन मोठ्ठं. नाव मराठीत. सगळं डाव्या अंगाला. एका टिचकीत काम. आनि चुकलं तरी यंत्रानं रागवायचं न्हाई."

"रागवायचं म्हणजे?"

"ते टँग करून लाल फुली येती ना, ती नको. चुकलं तर गप बसावं त्यानं."

वाद्यातल्या आवाजांची इंग्रजी नावं त्यांना मंजूर नव्हती. पितळी वाद्यांच्या मोठ्या, पोकळ आवाजाला त्यांनी 'सरपंच' म्हटलं. एक आवाज पट्टी दाबल्यावर हळूहळू उमटायचा, त्याचं नाव 'जावई'. "बोलावल्यावर जरा थांबून येतो, मानानं," असा खुलासा. नाकात बोलणाऱ्या एका आवाजाला त्यांनी माझंच नाव दिलं होतं. ते मी काढायला लावलं.

'टाळ्या' नावाचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा धाडकन बंदुकीचा आवाज झाला. खालचा शिंपी कात्री घेऊन वर पळत आला. आम्ही बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं, की वाद्याचं पुस्तक एकपासून मोजतं आणि यंत्र शून्यापासून, त्यामुळे आमचं सगळं एका घरानं पुढं सरकलं होतं.

"म्हंजे आपन ज्याला पैला म्हनतो त्याला हे शून्य म्हनतं," मास्तर म्हणाले. "लई गर्विष्ठ जात हाय."

पण शिकले. कारखान्याची पाळी संपवून यायचे, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायचे. आवाजाची सरकपट्टी, घुमाऱ्याची सरकपट्टी, गाण्याची पट्टी वर-खाली करायची सरकपट्टी, एकेक करत पॅनेल उभं राहिलं. सगळं डावीकडे दाटलेलं, उजवा अर्धा पडदा मोकळा. मी म्हणालो, "मास्तर, हे लंगडं दिसतंय."

"दिसू द्या," ते म्हणाले. एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माणूस तेवढंच बोलून पुढच्या बटणाकडे वळला.

त्यांनी एक जुना कम्प्युटर मिळवला आणि पॅनेल घरी बसवायला मला बेलापूरला नेलं. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली खुर्चीत त्यांच्या पत्नी शांताबाई. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा.

शांताबाई त्याच ऑर्केस्ट्रात गायच्या. राहात्यापर्यंत लोक त्यांचं नाव काढायचे. एका कार्यक्रमात गाता गाता खाली बसल्या, त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला होता, 'नको'. चहाचा कप डाव्या हातानं घेतानाही त्या "नको" म्हणाल्या आणि प्यायल्या.

मोठी बटणं, डावी बाजू, न रागावणारं यंत्र, सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"शांता, हे बघ," मास्तर जमिनीवर बसून सांगत होते. "मी वाजवनार. आवाज कंचा, मोठा का बारीक, ते तू ठरवायचं. हितनं. गान्यात तू पुढं आन मी मागं, तसंच." त्यांनी शांताबाईंचा डावा हात माउसवर ठेवला.

शांताबाईंनी हात काढून घेतला. "नको." यावेळी त्याचा अर्थ नकोच होता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मास्तर हसले. "व्हय व्हय, घाई न्हाई. यंत्र कुटं पळून चाललंय?" पण वायर गुंडाळताना त्यांना तिचं टोक सापडेना.

त्यानंतर ते क्लासला आलेच नाहीत. मग एका दुपारी शिंप्याच्या दुकानात फोन आला. "सर, येता का? पॅनेल बिघडलं वाटतं."

मी गेलो. शांताबाई कम्प्युटरसमोर बसल्या होत्या. डावा हात माउसवर.

"काल आपली आपनच बसली," मास्तर कुजबुजले. "सरपंच न्हाई, जावई न्हाई, कशालाच हात लावत न्हाई. येकच पट्टी धरून खाली वढती."

ती गाण्याची पट्टी बदलायची सरकपट्टी होती. शांताबाईंनी ती तळाला नेली. मास्तरांनी बाईंच्या एका जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली. शांताबाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि तळाला टेकलेली पट्टी आणखी ओढू लागल्या. "नको. नको. नको." डोळ्यांत पाणी.

"मास्तर," मी म्हणालो, "त्यांना अजून खाली हवंय. आपण खालची हद्द फार जवळ ठेवलीय."

मास्तरांनी वाद्यावरचा हात काढला. "तिच्या आवाजाला खाली जायची गरजच कंदी पडली न्हाई," ते म्हणाले. "माज्या ध्यानातच आलं न्हाई."

हद्द वाढवायला मला फार वेळ लागला नाही. शांताबाईंनी पट्टी पुन्हा धरली. हळूहळू खाली, आणखी खाली आणली आणि एका जागी थांबवली. मास्तरांनी वाजवलं. त्या खोल, जवळजवळ पुरुषी स्वरात, शब्दांशिवाय, शांताबाई गुणगुणल्या. सूर खरखरीत होता, मधेच तुटत होता. तुटला की मास्तर थांबायचे. त्या निघाल्या की मागून निघायचे.

त्या पुढं दोन-अडीच वर्षं होत्या. एकही शब्द वाढला नाही, पण दुपारी त्या घरातून गुणगुण ऐकू यायची असं शेजारी सांगत. नंतर दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा मास्तर निवृत्त झाले होते. त्यांनी चहा केला, कारखान्याच्या, पावसाच्या गोष्टी केल्या. वाद्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मला सोडायला स्टँडपर्यंत आले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "बोलत हुती तवा लई भांडायची. मंग नुसती गुनगुनायची. त्यातबी भांडन कळायचं मला." थोड्या वेळानं म्हणाले, "दुपार जात न्हाई, सर."

श्रीरामपूरची गाडी आली. रिकामीच होती. मी उठलो, तर त्यांनी माझी बाही धरली.

"ही जाऊ द्या की. मागनं दुसरी येती."

मी खाली बसलो. गाडी धूळ उडवत गेली. बाही मात्र मास्तरांनी दुसरी गाडी येईपर्यंत सोडली नाही.