ट्यूबात पडलेला बिल्ला

छोट्या सांदाच्या कोटाला आतून अडकवायची नाडीच नव्हती.

"खुंटीला अडकवू कसा? कॉलरला भोक पाडू?" कोट ठेवायच्या खिडकीतल्या बाईने विचारलं. नव्या वर्षाच्या बॅलेला आलेल्या मंडळींची रांग पार दारापर्यंत गेली होती आणि पहिली घंटा होऊन गेली होती. सांदाच्या आईने, इलिंकाने, स्वतःच्या स्कर्टची सेफ्टी पिन काढली आणि ती कोटाच्या कॉलरला वळवून लावून दिली. आता स्कर्ट एका हाताने धरून ठेवणं आलं. तिघींचे कोट एकाच खुंटीवर गेले आणि तिघींत मिळून एक बिल्ला हातात आला. नंबर दोनशे बारा.

"मी सांगत होते," सासूबाई एफ्रोसिना म्हणाल्या. "चार वर्षांचं पोर म्हणजे बाटलीत कोंडलेली मधमाशी."

"बसेल हो ती, आई."

"बसली, तर नाचाच्या शाळेत मी नेईन-आणीन. पण आत आवाज केलान, तर दोन वर्षं विषय काढायचा नाही."

इलिंका औषधाच्या दुकानातून सुटायची सहाला. सासूबाई नाहीत तर शाळा नाही, इतकं ते सरळ होतं. आणि सांदाने तर उन्हाळ्यापासून स्वयंपाकघरात टाच टेकवली नव्हती. पाणी प्यायलासुद्धा चवड्यांवर जायची.

त्यांच्या खुर्च्या बाजूच्या सज्ज्यात होत्या, वादकांच्या बरोब्बर डोक्यावर. पडदा वर गेला. पाच मिनिटं सांदा पुतळ्यासारखी बसली. मग एक पाय हलायला लागला, मग दुसरा. मग लोकरीचे पायमोजे चावायला लागले.

"आई, हे बोलत का नाहीत?" तिने कानात विचारलं.

"नाचून सांगतात, राणी."

"मग शू लागली तर कसं सांगतात?"

सासूबाईंनी मान वळवली. इलिंकाने घाईघाईने बिल्ला सांदाच्या हातात दिला. हात गुंतले की तोंड गप्प राहतं, हा तिचा घरचा अनुभव. सांदाने बिल्ला कठड्यावरून सरकवला, गोल फिरवला, पुन्हा फिरवला. खाली मोठ्या मिशांचा एक वादक आपला पितळी ट्यूबा मांडीवर घेऊन, त्याचं भलंथोरलं तोंड छताकडे करून, आपली पाळी येण्याची वाट बघत होता.

टण्.

सांदाने आवाज केला नाही. डोळे मात्र बशीएवढे झाले. "बाजाने खाल्ला," ती आईच्या कानात म्हणाली.

तेवढ्यात मिशीवाल्याची पाळी आली. ट्यूबातून गंभीर सुराऐवजी डब्यात चणे हलवल्यासारखा खडखडाट निघाला. वाद्यवृंदाच्या प्रमुखाने असं बघितलं, की मिशीवाल्याचे कान लाल झाले.

"तालमी करत नाहीत मेले," सासूबाई पुटपुटल्या.

इलिंकाने मोकळ्या हाताने खुणा सुरू केल्या: आधी ट्यूबाकडे बोट, मग स्वतःकडे, मग कोट घातल्याचा अभिनय. मिशीवाला गोंधळला. मग मिशीतल्या मिशीत हसला आणि त्याने तिला झुकून अभिवादन केलं.

"कोण गं तो?" सासूबाईंनी दातांतून विचारलं. "माझा मुलगा तिकडे रात्रपाळी करतोय आणि तू इथे बाजेवाल्याला हातवारे करतेस?"

"आई, तसं नाही हो. बिल्ला पडलाय त्यात."

"कुठला बिल्ला?"

"आपला. कोटांचा."

सासूबाईंचा चेहरा बदलला. बिल्ला नसला की अख्खं थिएटर रिकामं होईपर्यंत थांबायचं आणि खुंटीवर उरेल तो कोट आपला म्हणायचा, हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि त्या खुंटीवर त्यांचा लग्नातला कोल्ह्याच्या कातड्याचा कोट होता.

रंगमंचावर कागदी बर्फ पडत होता. सगळी वाद्यं थांबली होती. एक मुलगी एका पायावर उभी होती आणि आठशे माणसांनी तिच्यासाठी श्वास धरला होता.

"अहो मिशीवाले!" सासूबाई कठड्यावरून अर्ध्या बाहेर झुकल्या. "उलटा करा ते भांडं! माझा कोल्हा आहे त्यात!"

आठशे माना वळल्या. एका पायावरची मुलगी दोन पायांवर आली.

जागा दाखवणारी बाई विजेरी घेऊन धावत आली. सरळ सांदाच्या तोंडावर उजेड पाडून कुजबुजली, "लहान मुलांना घेऊन येता कशाला?"

सांदाने तोंडावर बोट ठेवलं, "श्श!" केलं आणि दुसऱ्या हाताने शांतपणे आजीकडे दाखवलं.

मध्यंतरापर्यंत एफ्रोसिनाबाईंना बाहेरच्या लांब व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. सांदा मात्र तेवढा वेळ जागची हलली नव्हती. दोघी बाहेर आल्या, तेव्हा मिशीवाला स्वतः बिल्ला घेऊन आला होता आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करत होता. तो गेला. सासूबाईंनी बिल्ला पर्समध्ये टाकला आणि बराच वेळ पर्सची चेन लावत राहिल्या.

"त्या शाळेचा वर्ग कुठल्या वारी असतो म्हणालीस?"

"बुधवारी, आई. साडेचारला."

"आजी लोकांना आत बसवतात?"

"नाही. बाहेर बाक आहे."

"बाहेरच ना?" सासूबाईंनी हुश्श केलं. "मग जमेल मला."