कबुतराचं दूध

छप्पन साली किनवट तालुका आदिलाबादेतून तुटून मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात गेला, तेव्हा त्याची जुनी दप्तरं लॉरीत भरून देण्याचं काम आदिलाबाद कचेरीतले रेकॉर्ड-कारकून शामराव यांच्या गळ्यात आलं. नांदेडला जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं स्वतःचंही नाव होतं. नांदेड म्हणजे त्यांच्या बायकोचं, कुमुदिनीबाईंचं माहेर. लग्नाला बारा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. गल्लीतल्या बायका त्यांना हळदीकुंकवालासुद्धा बोलवत नसत. कधी एकदा इथून सुटते, असं त्यांना झालं होतं.

शनिवारी शिपाई महिपतनं वरच्या फळीवरचा शेवटचा गठ्ठा ओढला, तर त्यावर कबुतराचं घरटं, आणि त्यात दोन उघडीबोडकी पिलं.

"हे बी नांदेडले पाठवाचे का?" महिपतनं विचारलं.

लॉरीवाला ओरडत होता. शामरावांनी गठ्ठा देऊन टाकला आणि पिलं कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून घरी नेली.

कुमुदिनीबाईंनी त्यांना वातीनं गाईचं दूध पाजलं. अंगी लागावं म्हणून वर साखर घातली. सकाळी एक पिलू मेलेलं होतं. त्यांनी अंगणात खड्डा केला, हात धुतले आणि त्या आत गेल्या. शामराव दुसरं पिलू घेऊन गुरांचे डॉक्टर यशवंतराव यांच्या घरी गेले.

"साखर घातली?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "कबुतराच्या दुधात साखर नसतेच, शामराव. त्याच्या गळ्याच्या पिशवीत तयार होते ते, पनीरासारखं घट्ट. पाणी सोडलं तर निम्म्याहून जास्त प्रथिनं, तिसरा हिस्सा चरबी, थोडे क्षार. गाईचं दूध कुठून पचन त्याले?"

"मंग आता याची माय कुठून आणू?"

"मायच काऊन पाह्यजे? बाप बी तेच दूध पाजते. उद्या कचेरी उघडली की जागेवर नेऊन ठेवा. आजच्या दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून द्या, थोडा थोडा."

शामरावांच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मेथीच्या जुडीखाली चार अंडी लपवून ते परतले, तर शेजारच्या कौशल्याबाईंनी दारातच पिशवी हेरली.

"अंडी? तुमच्या घरी?"

पाखरासाठी म्हणावं तर हसं होईल. "हिला जरा अशक्तपणा हाय," शामराव म्हणाले आणि आत सटकले.

संध्याकाळी कौशल्याबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मागोमाग गल्लीतल्याच मथुराबाई आणि महिपतची बायको राहीबाई. कुमुदिनीबाई पिलाला बलक भरवून पदराखाली ऊब देत बसल्या होत्या. त्यांना उठायचीही सोय नव्हती.

"उठू नका, उठू नका," कौशल्याबाई म्हणाल्या आणि चहा त्यांनी स्वतःच टाकला. "आता जपा. जड काही उचलू नका."

सोमवारी रिकाम्या फळीवर एक नर घुमत होता. पिलू ठेवून शामराव आडोशाला उभे राहिले. बऱ्याच वेळानं नरानं पिलाची चोच आपल्या चोचीत घेतली. शामरावांचा श्वास मोकळा झाला, तोच तहसीलदारांनी आत बोलावलं.

"महिपतनं सांगितलं. मुबारक हो," साहेब म्हणाले. "अशा अवस्थेत बाईंना हलवणं बरं नव्हे. यादीतून तुमचं नाव काढलं. इथंच राहा, फक्त आदिलाबाद आता आंध्रात गेलं, तेव्हा तेलुगूची परीक्षा तेवढी द्या."

शामराव तसेच घरी आले. ऐकून कुमुदिनीबाई पायरीवर बसल्या.

"उद्या जातो अन् खरं सांगून येतो," शामराव म्हणाले. "यादी अजून गेली नाही."

कुमुदिनीबाईंनी पदर सारखा केला.

"बारा वर्षांत काल पयल्यांदा तिघी माह्या घरात बसून च्या पेल्या," त्या हळू म्हणाल्या. "थोडे दिवस नका सांगू."

"अन् नांदेड?"

त्या उठल्या आणि कौशल्याबाईंचे लाडू डब्यात भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शामराव साहेबांच्या दारापर्यंत गेले. तिथून वळले, आणि कचेरीतल्या तेलुगूच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले.