गुणवत्ता-प्रमुखाचा बिल्ला

आमच्या बागेत आणि पॅकहाउसमध्ये एक चूक काढून दाखवा, मी नाव बदलून घेईन! असं मी तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या घरासमोर ठणकावून सांगितलं होतं. आणि ती फुशारकी नव्हती हो. एवढी तयारी मी स्वतःच्या लग्नाचीही केली नव्हती. केली असती, तर लग्नच केलं नसतं, हा भाग वेगळा!

आमची संत्री. परदेशी पाठवायची तर ती नुसती गोड असून भागत नाही. बागेची नोंदणी लागते, फळ निवडून पेट्यांत भरायच्या जागेला, म्हणजे पॅकहाउसला, मान्यता लागते. ती मिळेपर्यंत तुमचं फळ रसाच्या कारखान्याच्या दारात हात जोडून उभं! लग्नाआधी मी फळांच्या प्रयोगशाळेत कामाला होते, त्यामुळे हे लचांड आपसूक माझ्या गळ्यात पडलं. ठकी तेव्हा पोटात होती. मग ती कडेवर आली. एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने मी फळमाशीचे सापळे टांगले, खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या, दिव्यांना आवरणं बसवली. पॅकहाउसला एकामागे एक अशी दोन दारं केली, म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही आणि माशीला आत शिरायला फट नाही. "लहान मुलांना आत प्रवेश नाही" ही पाटीसुद्धा मीच रंगवली. ठकी तेव्हा माझ्या पाठीला बांधलेली होती.

हे सगळं फुकट नव्हतं बरं! माझे मोठे दीर, म्हणजे भावोजी, हे घरचे कारभारी. त्यांनी जेवताना सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "मान्यता मिळाली की पॅकहाउसची गुणवत्ता-प्रमुख तूच. रीतसर पगार. आणि तिथली मागची खोली ठकीच्या पाळण्याला!"

काम हातात आणि लेक हाकेच्या अंतरावर. याहून जास्त मला काही नको होतं. त्या रिकाम्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा, ते मी चार वेळा बदलून ठरवलं होतं.

तपासणीच्या सकाळी मी कामं वाटून दिली. नवऱ्याने ठकीला घरी सांभाळायचं. सासूबाईंनी आराम करायचा. भावोजींनी फक्त हसायचं, बोलायचं नाही. सोपं होतं!

भावोजी आले ते पांढराशुभ्र कोट घालून. छातीवर बिल्ला: "गुणवत्ता-प्रमुख."

"भावोजी, हा बिल्ला..."

"आजच्यापुरता गं! अधिकारी मोठे असतात. बाईमाणूस प्रमुख दिसलं तर त्यांना वाटायचं, यांच्याकडे सगळा खेळच आहे."

तेवढ्यात गाडीतून तपासणी अधिकारी उतरल्या. होय, उतरल्या! पन्नाशीच्या, सडसडीत, चेहऱ्यावरची इस्त्री न मोडलेल्या बाई. भावोजींनी त्यांच्या मागे वाकून गाडीत पाहिलं, साहेब कुठे राहिले म्हणून.

"मीच," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "आणि तुम्ही?"

"ही आमची धाकटी सून," भावोजी घाईने म्हणाले. "पाणीबिणी बघते."

मी पाणीबिणी बघत मागून चालू लागले.

पहिलं झाड. पहिला सापळा. सापळा लख्ख! नव्या नवरीच्या ताटासारखा चमकत होता. दुसरा तसाच, तिसराही तसाच. साबणाचा वास दोन झाडांपलीकडून येत होता. आत एक माशी नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्या वासाने माश्या आत येतात, तो औषधात भिजवलेला लाकडी ठोकळाही नाही!

सासूबाई बांधावर उभ्या होत्या. चेहऱ्यावर कृतकृत्य भाव. मी धावतच गेले.

"आई, सापळे कुणी धुतले?"

"मीच! काल तू जाळ्या पुसत होतीस ना, तेव्हा. अगं, काय मेलेल्या माश्या होत्या त्यात! शी! पाहुण्यांना ते दाखवायचं होतं का?"

"तेच तर दाखवायचं होतं, आई!"

सासूबाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की शिकलेली सून करून मुलाचं वाटोळं केलं हे त्यांना आज पटलं असावं.

तिकडे अधिकारी बाई भावोजींना विचारत होत्या, "सापळ्यात माशीच नाही?"

भावोजींना फक्त हसायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या छातीवर बिल्ला होता. ती छाती फुगली. "मॅडम, आमच्या बागेत माशी येतच नाही! नावाला दाखवा!"

"माशी सापडणं हा दोष नसतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "किती सापडतात, ते बघायचं असतं. रिकामा सापळा म्हणजे बिघडलेला सापळा. आणि त्यातले ठोकळे कुठे आहेत?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"ते होय!" सासूबाई म्हणाल्या. "काय गोड वास गं त्यांना! लवंगेसारखा. पॅकहाउसच्या दारात रबरी बुटांचा कुबट वास येतो, म्हणून पहाटे तिथे ठेवले. दोन दारांच्या मधे. मोठ्या वाडग्यात. सगळे!"

सगळे.

अख्ख्या बागेतल्या सापळ्यांचा वास एका वाडग्यात! म्हणजे पंचक्रोशीतल्या फळमाश्यांना आम्ही पहाटेपासून आमंत्रण देत होतो, आणि तेही थेट जिथे एकही माशी चालत नाही त्या दारात.

आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या दाराची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर माश्यांचा जाड पडदा होता. हलता, गुणगुणता पडदा!

"नावाला दाखवा, म्हणालात ना?" बाईंनी भावोजींना विचारलं.

भावोजी गांगरले. "ह्या... ह्या आजच आल्यात, मॅडम! बाहेरगावच्या असतील!" असं म्हणत त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिने माश्या हाकलल्या आणि बाहेरचं दार सताड उघडलं. दुसरा हात आतल्या दाराकडे गेला.

"भावोजी, आतलं दार नाही!" मी ओरडले. दिरांवर मी आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ते जागच्या जागी थिजले, आणि आतलं दार वाचलं.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. मी त्या माश्यांत घुसले, वाडगा ओढणीत ओतला, ओढणीचं गाठोडं केलं आणि बागेकडे धूम ठोकली. माश्या माझ्या मागे! आता एक शास्त्रीय गोष्ट सांगते. या वासाला फळमाशीतले फक्त नर भुलतात. म्हणजे शेकडो नर एका दिशेने, मी नेईन तिकडे, मुकाट माझ्या मागे येत होते. आमच्या घरात असं एकदाही घडलेलं नाही!

धापा टाकत मी एकेक ठोकळा एकेका सापळ्यात बसवत गेले. झाडामागून झाड. शेवटच्या सापळ्यापाशी टेकले, तर मागून बाई शांतपणे चालत येत होत्या. जवळच्या सापळ्यात त्यांनी डोकावून पाहिलं. आत धमाल उडाली होती.

"सापळे उत्तम चालतात," त्या म्हणाल्या. "याआधी दर आठवड्याला माश्या मोजून लिहायचं कोण?"

"मी."

"आणि दोन दारांची कल्पना?"

"माझीच."

"मग पाणी कोण बघतं?"

खरं सांगते, मला रडू येणार होतं. त्या ओठांच्या कोपऱ्यात हसल्याही असाव्यात, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. "चला," त्या म्हणाल्या, "आता फक्त आतला हॉल बघते. तो ठीक असला तर झालं."

झालं! पाळणा खिडकीपाशीच टांगायचा, मी ठरवून टाकलं. सकाळचं ऊन थोडं लागलेलं बरं.

बाहेरचं दार लावलं, मग आतलं उघडलं. हॉल आरशासारखा. फरशी ओली नाही, दिवे झाकलेले, टोप्या ओळीने. आणि मधोमध, फळं निवडायच्या पट्ट्यावर, माझी ठकी बसली होती! उघड्या पायांनी. एका हातात परदेशी जाणारं संत्रं, त्याला दोन इवल्या दातांनी काढलेला लचका, हनुवटीवरून रस थेट पट्ट्यावर. मला बघून तिने दोन्ही हात वर केले आणि आनंदाने किंचाळली. वर भिंतीवर माझी पाटी, माझ्याच अक्षरात: लहान मुलांना आत प्रवेश नाही.

शेजारी नवरा उभा. डोक्यावर नियमाप्रमाणे टोपी मात्र घातलेली!

"अगं, रडत होती सारखी," तो म्हणाला. "म्हटलं, पेट्या न्यायच्या मागच्या दाराने आणून तुला दाखवून न्यावं."

ठकीने संत्र्याचा दुसरा लचका तोडला.

"इथल्या स्वच्छतेची जबाबदारी कुणाची?" बाईंनी विचारलं.

आणि माझ्या भावोजींनी, ज्यांना घरात पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यावा लागतो, त्यांनी विजेच्या वेगाने बिल्ला काढला आणि माझ्या चुरगळलेल्या ओढणीवर लावून दिला!

"ह्यांची! गुणवत्ता-प्रमुख ह्याच आहेत. पहिल्यापासून!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या टोपीची दोरी बांधत होता.

मी ठकीला उचललं. चिकट हातांनी तिने माझा गळा धरला, संत्रं माझ्या कानामागे.

"दात येतायत का?" बाईंनी हळूच विचारलं.

"हो. सारखं काहीतरी चावायला लागतं."

"माझा नातू एवढाच आहे." मग चेहऱ्याला पुन्हा इस्त्री झाली. "पण नियम आहे. लिहावं लागेल."

त्यांनी मागची खोली पाहिली. रिकामी, झाडलेली, छताला पाळण्याचा एक हूक. त्यांना काही सांगावं लागलं नाही. "या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं," त्या म्हणाल्या. "हे बुजवा, आणि बाहेरच्या भिंतीत दार पाडा. मग मूल खुशाल ठेवा. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे."

आणि मान्यता मिळाली! खरंच मिळाली. फक्त ती एक अट.

घरात आनंदीआनंद! भावोजींनी तीनदा गोष्ट सांगितली. तिसऱ्या वेळी माश्यांच्या पुढे ते स्वतः धावत होते.

"आणि ते बाहेरचं दार कधी पाडायचं?" मी विचारलं.

"दार कशाला?" ते म्हणाले. "त्या खोलीत रिकाम्या पेट्या बसतात की! हॉलकडचंच दार सोयीचं. मूल ठेवायचं नाही म्हटलं की अट पाळली गेली."

"मग ठकी?"

"तेच म्हणतो मी. पोर लहान आहे, तिला सोडून तू दिवसभर कशी येणार? तुझ्याच सोयीचं बघतोय गं. तोवर मी सांभाळतो प्रमुखाचं."

"दादा मनाने वाईट नाही," नवरा रात्री म्हणाला. माझ्याशी नाही, उशीशी.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुला शोभत होता हो तो बिल्ला." मग सापळे पुन्हा कधी धुवायचे, ते विचारून गेल्या.

पहिल्या पेट्या गेल्या परवा. ठकी झोपलेली असते तेवढ्या वेळात मी हे लिहितेय, आणि आता तिची चुळबुळ सुरू झालीय. तो बिल्ला मी परत द्यायला गेले होते. "राहू दे तुलाच," भावोजी उदारपणे म्हणाले, "मी पितळेचा करून घेतलाय."

तेव्हापासून तो ठकीकडे असतो. प्लास्टिक चांगलं टणक आहे, हिरड्यांना आराम पडतो. मागची टाचणी मी काढून टाकलीय. "प्रमुख" बरंचसं चावून झालंय, आता "गुणवत्ता" चालू आहे.

उकळून देते हं मी, प्रत्येक वेळी. स्वच्छतेत आपली एक चूक काढून दाखवा!