दाणीकाकांच्या कॅमेऱ्याचं स्थळ

मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे आमच्या शेजारचे दाणीकाका दोन वर्षं कॅमेरे पाहत होते. त्यासाठी वेगळी वही होती. एका पानावर एक कॅमेरा: वय, वजन, अंगकाठी, घराणं. खाली निर्णय. बहुतेक पानांवर एकच शब्द, 'नको'.

घरातला डीएसएलआर चौदा वर्षांचा झाला होता. काका भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले तेव्हा घेतलेला. आता त्याचं शटर मध्येच अडकायचं आणि दहातले चार फोटो काळे यायचे. दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. "अंकल, पार्ट नहीं आते अब. जितने दिन चले, चलाओ." तरी दर रविवारी ग्वारीघाटावर नर्मदेचं दर्शन झालं की काका काकूंना पायरीवर बसवायचे आणि एक फोटो काढायचे. तो काळा आला तर दुसरा. हा रविवारचा फोटो बुडू नये, एवढीच त्यांना काळजी.

माझा स्वभाव उतावळा. मी चपलासुद्धा पहिल्याच दुकानात घेतो. त्यामुळे काकांना सांगून सांगून थकलो होतो, "काका, आता आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आलेत. वजनाला हलके, शिवाय माणसाचा डोळा ओळखून फोकस करतात."

"अच्छा. पण माझ्या जुन्या लेन्स त्याच्याकडे नांदतील का?"

"मध्ये अडॅप्टर लावला की नांदतील."

"म्हणजे मध्यस्थ ठेवून संसार! नको बाप्पा."

एक कॅमेरा हातात मावतच नाही म्हणून नापास झाला, एक फार आगाऊ म्हणून. "सगळं तोच ठरवून राहिला न. मग मी काहून आहे तिथे?" पुतण्याचा मिररलेस मागून आणून त्यांनी भेडाघाटलाही फिरवला. संगमरवराचे कडे सुरेख आले. वहीत शेरा पडला, 'हुशार आहे, पण घुमा.'

मग एका रविवारी जुना कॅमेरा घाटावरच कायमचा बसला. पुढच्या रविवारच्या आत ठरवणं भाग होतं. शनिवारी काकांनी मला गाडी काढायला लावली. "चलो सुधीर. आज सुमनलाही नेऊ. पसंती तिची."

सुमनकाकूंची नजर तीन वर्षांपूर्वीच काचबिंदूने गेली होती. त्या कॅमेरा काय पसंत करणार, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही, हे माझं नशीब.

दुकानदाराने सगळ्यांत महागडा मिररलेस काकांच्या हाती दिला. काकू स्टुलावर बसल्या. पदर सारखा केला, मान ताठ केली, किंचित हसल्या. काकांनी फोटो काढला. मग दुसरा, मग तिसरा. कॅमेऱ्यातून आवाज म्हणून आला नाही. काकू तशाच ताठ, हसू धरून.

"काढा ना हो आता," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "गाल दुखून राहिले माझे."

काकांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. मला तेव्हा कुठे उमगलं. या माणसाला मी दोन वर्षं चोखंदळ म्हणून हसत होतो, त्याची लाज वाटली.

दुकानदार समजूतदार होता. "आंटी के लिए साउंड ऑन कर देता हूँ." कॅमेरा टुकटुकला. काकूंनी नाक मुरडलं. "हे काय, कोणाचा मोबाईल वाजला का?"

शेवटी आतल्या कपाटातून एक वापरलेला डीएसएलआर निघाला. काकांच्या जुन्या कॅमेऱ्याच्याच घराण्यातला, पाच-सहा वर्षांनी धाकटा. जुनी लेन्स त्याला लगेच बसली. काकू पुन्हा ताठ झाल्या. खटॅक!

"झाला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खांदे सैल सोडले. "कसा आला?"

काका पडद्याकडे पाहत सांगू लागले. "छान आला न. डाव्या कानावर तुझी एक बट सुटली आहे. कुंकू बरोबर मधोमध. साडीचा तो जांभळा काठ दिसून राहिला. हसली, पण दात नाही दाखवले, नेहमीसारखे."

काकू मान कलती करून ऐकत होत्या. मी काकांच्या खांद्यावरून डोकावलो. फोटो पार हलला होता. बट सोडाच, चेहराही धड आला नव्हता. काका मात्र पडद्याकडे पाहत सांगतच होते.