पूर्णा ते पालम, दहा मिनिटं

माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर लाल लोकरीचे सतरा धागे चिकटवलेले आहेत. बोटभर लांबीचे. ते मी चिकटवलेले नाहीत आणि काढायची मला परवानगी नाही. ताडकळसच्या बाजारात एका आजीबाईंनी त्यांना हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, कोणत्या देवाचा नवस? मी गडबडलो. मागे बसलेले बाबाराव गंभीरपणे म्हणाले, "हवेचा."

बाबाराव आमचे पूर्णेतले शेजारी. रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेली. आता निवृत्त, एकटा जीव, आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बनवताहेत. विमान म्हणजे सध्या लोखंडी घोडीवर ठेवलेलं एक इंजिन आणि एक खुर्ची. एकदा मी भीतभीत विचारलं, "पंख?"

"पंखाचं काय घेऊन बसलाव गुरुजी! पंख कुनीबी करंल. हवेला वाट करून देनं अवघड हाय."

इंजिनही धड साधं नाही. त्यात पिस्टनच नाही. एक तिकोनी तुकडा गोल गोल फिरतो म्हणे. बाबारावांनी तीनदा चित्र काढून समजावलं, तिन्ही वेळा मी मान डोलावली आणि मला अजून काही कळलेलं नाही. ते तापतं फार, एवढं मात्र कळलं. म्हणून त्याच्या रेडिएटरपर्यंत वारा नेणारं नळकांडं हवं, आणि बाबाराव कित्येक वर्षं ते नळकांडंच करताहेत. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, रिबिटा मारून. बाद झालेल्या नळकांड्यांनी शेडची एक भिंत भरली आहे. सगळ्यांची ठेवण एकच: तोंड लहान, पोट मोठं, मागे उघडझाप करणारी झडप.

"तोंड मोठं केलं तर वारा जास्त येईल ना?" मी म्हटलं.

"हवेला इचारलं का?" हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ कमी असो की गाडीला उशीर, हवेला विचारलेलं नसतं. "गुरुजी, लग्नात म्होरच्या दारानं पाव्हनेच पाव्हने घेतले अन् मागलं दार लावलं, तर काय हुईल? चेंगराचेंगरी. हवा बी तशीच. बोलवायच्या आदी तिची जायची वाट बगावी. अन् आत आली की सावकाश चालू द्यावी, म्हंजी जाताना ताप घेऊन जाती."

मला समजल्यासारखं वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगायला लागलो तर पहिल्याच वाक्यात सगळं विस्कटलं.

धागे ही हवेला विचारायची त्यांची रीत, आणि धावतं वारं मिळावं म्हणून माझी मोटारसायकल. धागा सरळ राहिला तर हवा खुशीत. थरथरला तर ती कुठंतरी अडली, रुसली.

ऐन मे महिन्यात त्यांनी आमचा कूलर नेला. "विमान उडालं की म्होरून वारं येतंय. जमिनीवर कुठून आनू?" बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि बोलली तेव्हा सुपानं वारा घेत बोलली. तिकडे शेडमध्ये इंजिन सुरू झालं की आळीतली कुत्री थेट मालधक्क्यापर्यंत पळायची. बाबारावांनी घड्याळ बघायचं, मी तापमानाचा काटा. काटा लाल रेघेला टेकला की इंजिन बंद. कूलरशिवाय चार मिनिटं, सहा मिनिटं. कूलर लावल्यावर साडेआठ! बाबाराव लहान मुलासारखे नाचले. पण त्यांना दहा हवी होती, आणि दुसऱ्याच दिवशी बायकोनं कूलर परत आणवला.

"पण दहाच का?"

"पूर्णा ते पालम. हवेतून दहा मिनिटं."

"अहो, पालमला एसटी जाते की!"

"एसटीनं चालत न्हाई," ते म्हणाले आणि पाठ फिरवून रेडिएटर पुसायला लागले. मी आणखीच बुचकळ्यात पडलो.

मागच्या आठवड्यात शाळेच्या कामानं पालमला गेलो. बाबारावांची थोरली बहीण तिथं दिलेली आहे, एवढं ऐकून होतो. विचारत विचारत घर गाठलं. अक्का ओट्यावर डाळ निवडत होत्या. मोटारसायकल दिसली आणि त्यांचा हात थांबला. उठून आल्या, टाकीवरचा एक धागा बोटानं सरळ केला.

"बाबाचं काम हाय हे. ल्हानपनी खळ्यावर ज्वारी उफनायची तवा मी परकराचा दोरा काढून काठीला बांदायची, वारं कुठून यायलंय ते कळायला. ह्याला लय घाई. म्हनायची, थांब, आदी हवेला इचार."

मग बाकीचं कळलं. अक्कांच्या मुलीच्या लग्नात नवरीमागं उभा राहायला मामाच नव्हता. पूर्णेत एक इंजिन तापून बंद पडलं होतं आणि बाबाराव ते सोडून निघाले नाहीत. मुहूर्त टळू नये म्हणून दुसऱ्याच कुणाला मामा म्हणून उभं केलं. संध्याकाळी हे धापा टाकत पोचले तेव्हा अक्का संतापून म्हणाल्या, "आता विमानानं आलास तरच माज्या दारात पाय ठिव." त्याला अकरा वर्षं झाली. चारचौघांच्या घरी असली बोलणी पुढच्या दिवाळीपर्यंत विरून जातात. बाबाराव तेलाचे डबे गोळा करायला लागले.

"रागात बोललात तुम्ही," मी म्हटलं. "मी निरोप देतो. उद्या एसटीनं येतील."

"त्यो तसा यायचा न्हाई." अक्कांनी पदरानं डोळे टिपले. "येनारे-जानारे सांगत्यात मला समदं. किती मिनटं चाललं आता?"

"साडेआठ."

अक्कांनी बोटांवर मोजलं आणि घरात तोंड करून मुलाला हाक मारली. "अरे, मागल्या वावरातली ट्रॉली काढ म्हनलं व्हतं न्हवं? दीडच मिनट राह्यलं. बाबा उतरंल कुठं?"

मी घरामागं जाऊन पाहिलं. एक लांब सरळ पट्टा दगड वेचून साफ केलेला. आजूबाजूला ज्वारीची धसकटं, पट्ट्यात एकही नाही; तिथं काही पेरलंच नव्हतं. टोकाला बांबू आणि बांबूला जुन्या लुगड्याची लाल चिंधी, वारा दाखवत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांतलं वेडं कोण, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

घरी आलो तो सरळ कूलरचा प्लग काढला, पाणी ओतून दिलं आणि कूलर ढकलत बाबारावांच्या शेडकडे निघालो.

बायको दारात आली. "आता कुठं नेताय तो?"

मी म्हटलं, "पालमला."